बुधवारचे थेंब

आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, बुधवार म्हणजे डोळ्यांचा वार. शहरातून रेटिनाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचे डॉक्टर दुपारी दोनला येतात, पटापट सगळी बाळं बघतात आणि चारच्या आत निघतात, सगळ्यांना तेवढंच दिसतं. पण त्याआधीचा एक तास असतो तो माझा, बाहुली मोठी करायच्या थेंबांचा. एकला पहिला थेंब, सव्वाला दुसरा, दीडला तिसरा, मध्ये मॉनिटर बघायचा, आणि एवढं करून बाहुली उघडली नाही तर डॉक्टर टॉर्च मारून नुसते माझ्याकडे बघतात. काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कमी दिवसांचं बाळ जन्मतं तेव्हा डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला ती वाढ सुरू होते आणि कानाकडच्या बाजूला पोचायला जवळजवळ पूर्ण चाळीस आठवडे लागतात. बाळ मधेच बाहेर आलं, त्यात ऑक्सिजन लागला, इन्फेक्शन झालं, वजन वाढलं नाही, तर त्या वाढ थांबलेल्या रेषेवर वेड्यावाकड्या नवीन नसा फुटतात आणि शेवटी पडदाच ओढून सुटतो. यालाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. बाहेरून डोळा एकदम छान दिसतो, हीच तर गोची आहे. म्हणून 34 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर 30 दिवसांच्या आत पहिली तपासणी, आणि 28 आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा 1200 ग्रॅमच्या आतलं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच.

आणि पडद्याची कड बघायची तर बाहुली पूर्ण मोठी पाहिजे. अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून मधला भाग दिसतो, कड नाही, आणि आजार नेमका तिकडेच सुरू होतो.

आता थेंब. मोठ्या माणसांची बाटली येते त्यात ट्रॉपिकामाईड 0.8 टक्के आणि फिनाइलेफ्रिन 5 टक्के अशी बाहुली मोठी करणारी दोन औषधं असतात. ते तसंच बाळाला टाकायचं नाही म्हणजे नाही, कृत्रिम अश्रूंच्या थेंबात निम्मं पातळ करून घ्यायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची. दीड किलोच्या बाळाला एक थेंब म्हणजे काय असतं याचा विचार करा, डोळ्यात तेवढी जागाच नसते, उरलेलं गालावर येतं किंवा नाकातून आत जातं आणि रक्तात मिसळतं. मग ठोके वाढतात, बीपी वाढतं, कधी श्वास थांबतो, कधी पोट फुगतं आणि रात्रीचं दूध पचत नाही. म्हणून थेंब टाकला की डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा आणि ओघळलेलं लगेच कापसाने टिपायचं.

हे मी शिकले ते चूक करून. नवीन होते, एका दिवशी सात बाळं, टिपायचं राहिलं. दहा मिनिटांनी बघते तर बाळाच्या डोळ्यांभोवती पांढरी फटक वर्तुळं, चष्मा लावल्यासारखी. आई काचेबाहेर उभी, तिने ते माझ्याआधी पाहिलं होतं. फिनाइलेफ्रिनने कातडीतल्या नसा आकसतात, थोड्या वेळाने रंग परत येतो, आलाही. पण ती दहा मिनिटं ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना, तेव्हापासून प्रत्येक बाळाला वेगळा कापूस काढून ठेवते.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे आज्या. एक आजी दर वेळी बाळाला ठसठशीत काजळ घालून आणायची. मी म्हणलं आजी बुधवारी नका ना घालू, खरं तर कधीच नका घालू. "अगं पोरी, तुझ्या थेंबाने उजेड बाधतो त्याला, काजळाने डोळे थंड राहतात." उजेड बाधतो हे तिचं बरोबरच होतं, थेंबाचा असर काही तास राहतो, तोवर बाळ अंधाऱ्या जागी ठेवायचं किंवा डोळ्यांवर कापड. मग तिने विचारलं, "मोठी केलेली बाहुली परत लहान होते ना?" इतका सरळ प्रश्न मला एकाही बापाने विचारला नाहीये. ते विचारतात बिल किती.

एक बाळ मात्र विसरत नाही. अकराशे ग्रॅमचं, तीन थेंब झाले, बाहुली टाचणीच्या डोक्याएवढीच. मी घाबरून चौथा टाकायला निघाले, डॉक्टर आत येत होते, म्हणाले थांबा सिस्टर, थेंब कमी नाही पडला. टॉर्च तिरपा धरून मला दाखवलं, बुबुळावर लाल बारीक नसा भरलेल्या. आजार जोरात असला की बाहुली अशी अडून बसते, ती उघडत नाही हेच लक्षण. संध्याकाळीच शहरात पाठवलं, लेझर झालं. अशा केसमध्ये हातात दोन-तीन दिवसच असतात आणि मी त्यातला अर्धा तास थेंबांच्या नावाने घालवणार होते.

तपासणी बघवत नाही हे मान्य. पापण्यांत तारेची छोटी चाप, आधी भूल देणारा थेंब, बाळाला दुपट्यात गच्च गुंडाळायचं, जिभेवर साखरेचं पाणी नाहीतर आईचं दूध दोन थेंब. पोट भरून पाजलेलं नको, उलटी होते, तासभर आधीच पाजा म्हणून मी आयांना घसा फोडून सांगते. रडतं ते बहुतेक धरून ठेवल्याच्या रागाने. आईला बाहेर बसवतात, मला विचाराल तर जिला आत यायचंय तिला येऊ द्यावं, बाहेरून रडणं ऐकणं जास्त वाईट.

पण खरी मारामारी डिस्चार्जनंतरची. एकदा बघून भागत नाही, पडदा पूर्ण होईपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी यायचं असतं, आणि बाळ दूध प्यायला लागलं, गुटगुटीत झालं की लोकांना वाटतं झालं सगळं. म्हणून मंगळवारी संध्याकाळी मी वहीतले नंबर लावत बसते. मागच्या बुधवारी पावणेदोनला त्याच काजळवाल्या आजीचा फोन, "सिस्टर, एसटी चुकली, पुढची धरलीय, आम्ही येईस्तोवर थेंब टाकू नका हं."


बाळ तिच्याच मांडीवर होतं.