सोलापुरी चादर शोधात कशी सापडेल?

सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. तरीही गूगलवर ‘सोलापुरी चादर’ असे शोधल्यास ती विणणारा कारखानदार क्वचितच वरच्या निकालांत दिसतो. इथल्या व्यापाऱ्यांची आणि कारखानदारांची संकेतस्थळे तयार करण्याचे काम मी करतो, त्यामुळे ही गोष्ट मला मनापासून खटकते. संकेतस्थळ असते, त्यावर खर्चही झालेला असतो, पण पानावर वाचण्याजोगा मजकूरच नसतो. डीटीपीवाल्याकडून करून घेतलेले दरपत्रक जसेच्या तसे चित्र म्हणून चढवलेले असते, आणि चादरीची लांबी-रुंदी, सुताची जात, घाऊक भाव हे सारे त्या चित्रात अडकून पडते. चित्रातली अक्षरे गूगल काही वेळा ओळखते, परंतु त्या भरवशावर धंदा सोडू नये. आकार, वजन, धुण्याची रीत हे सारे पानावर साध्या मजकुरात लिहावे आणि प्रत्येक छायाचित्राला पर्यायी मजकूर (चित्रात काय आहे ते सांगणारी, पानाच्या कोडमधली छोटी ओळ) द्यावा.

याहून अवघड दुखणे जुन्या फॉन्टचे आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये ‘चादर’ टाइप केले की पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलीत साठवली जातात ती पी, के, एन, जे ही चार इंग्रजी अक्षरे. डोळ्यांना चादर दिसते, शोधयंत्राच्या हाती मात्र निरर्थक अक्षरे पडतात, आणि असे पान मराठी शोधात येणार तरी कसे? मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत असलेल्या पद्धतीत, बदलून घेणे हा यावरचा एकच उपाय आहे, आणि बदल झाल्यावर जोडाक्षरे व रफार नीट उतरले आहेत की नाही, हे कोणीतरी बसून तपासलेच पाहिजे.

पानाचे शीर्षक ही दुसरी दुर्लक्षित जागा आहे. कितीतरी पानांचे शीर्षक नुसते ‘होम’ असते. त्याऐवजी ‘सोलापुरी जेकार्ड चादर, डबल बेड, घाऊक दर’ असे लिहिले, तर ग्राहकाला आणि यंत्राला एकाच वेळी नेमके कळते. ग्राहक ज्या शब्दांत विचारतो ते शब्द पानावर असावेत: दुकानात ‘होलसेल’ म्हणत असतील तर केवळ ‘घाऊक’ लिहून भागत नाही. मात्र तोच शब्द प्रत्येक ओळीत कोंबू नये, कारण तसे करणे गूगलच्या नियमांतच बसत नाही. कीवर्ड्सच्या मेटा टॅगवर, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपलेल्या शोधशब्दांच्या यादीवर, वेळ घालवण्याचेही कारण नाही. वेब शोधातील क्रमवारीसाठी आपण तो वापरत नाही, असे गूगलने 2009 मध्येच सांगितले आहे.

पानाच्या वेब-पत्त्यात (यूआरएलमध्ये) देवनागरी चालते, पण कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती बहुधा टक्क्यांच्या चिन्हांत बदलते आणि एकट्या ‘चादर’ शब्दाची 36 चिन्हे होतात. म्हणून मी पत्ते छोटे आणि रोमन लिपीत ठेवतो.

वेगाकडेही पाहावे लागते. पानातील सर्वांत मोठा भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची अपेक्षा आहे, आणि चादरीच्या पानावर हा सर्वांत मोठा भाग म्हणजे बहुतेक वेळा मोबाइलवर काढलेला, आकार कमी न करता चढवलेला फोटोच असतो. तो वेबपी या कमी जागा घेणाऱ्या चित्रप्रकारात बदलून त्याची रुंदी पडद्याला पुरेल इतकीच ठेवली, तर वेगात मोठा फरक पडतो. क्रमवारीसाठी गूगल पानाची मोबाइल आवृत्ती वाचते. तेव्हा संगणकावर दिसणारा तपशील मोबाइलवर गाळलेला असेल, तर तो हिशेबातूनही गळतो.

‘महिन्यात पहिला नंबर’ म्हणत, इतर संकेतस्थळांवरून आपल्या पानाकडे आणणाऱ्या शेकडो लिंक विकणाऱ्यांना मी माझ्या ग्राहकांच्या दारातूनच परत पाठवतो. अशा बनावट लिंकांना आळा घालण्यासाठी गूगलने 2012 मध्ये आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला, आणि आजही त्या निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरू शकतात. तेवढ्या पैशात टॉवेलच्या प्रत्येक प्रकाराचे वेगळे, नीट लिहिलेले पान तयार होते.

हे सारे झाल्यावर संकेतस्थळाला सर्च कन्सोल हे गूगलचे साधन जोडून घ्यावे. ते मोफत आहे. लोकांनी कोणते शब्द टाकले तेव्हा आपले पान दिसले आणि कितींनी त्यावर क्लिक केले, हे तिथे कळते. पान दिसते पण कोणी उघडत नाही, असे शब्द आधी वेगळे काढावेत आणि त्या पानांची शीर्षके पुन्हा लिहायला घ्यावीत.