वाचनवर्गासाठी लहान कौटुंबिक फाउंडेशनचं अनुदान: माझा अनुभव

लहान कौटुंबिक फाउंडेशनमध्ये, म्हणजे एका कुटुंबाच्या पैशातून अनुदान देणाऱ्या संस्थेत, अर्ज वाचायला बहुधा वेगळा माणूस नसतो. विश्वस्त घरचेच असतात, आपापलं काम सांभाळून अर्ज वाचतात आणि वर्षातून मोजक्या बैठकांत निर्णय घेतात. मुलांच्या वाचनवर्गासाठी निधी मागताना मला या एका गोष्टीचा सर्वांत जास्त उपयोग झाला. मोठ्या देणगीदारांसाठी केलेला पंचवीस पानी प्रस्ताव इथे पाठवला तर तो न वाचताच पडून राहणार, हे उघड आहे.

लिहायला बसण्याआधी फाउंडेशनने गेल्या दोन-तीन वर्षांत कोणाला, कशासाठी आणि किती दिलं ते मी पाहते. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांबाबत हे सोपं आहे. त्यांना दरवर्षी ९९०-पीएफ हे विवरणपत्र भरावं लागतं, ते कोणालाही पाहता येतं आणि त्यात वर्षभरात दिलेल्या अनुदानांची यादी असते. त्यातच एक चौकोनही असतो. आम्ही आधीच ठरवलेल्या संस्थांनाच देतो, न मागवलेले अर्ज घेत नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर खूण दिसली की अर्ज लिहिण्यात वेळ घालवू नये. जिथे असं विवरणपत्र मिळत नाही तिथे वार्षिक अहवाल पाहावा, नाहीतर ज्यांना अनुदान मिळालं त्या संस्थेला सरळ फोन करावा. लोक मोकळेपणाने सांगतात.

रक्कमही याच यादीवरून ठरते. आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्याच्या आसपास मागावं. सर्वांत मोठी रक्कम बऱ्याचदा कुटुंबाचा जुना संबंध असलेल्या संस्थेला गेलेली असते, नवख्याने तिच्याकडे पाहून मागणी करू नये.

पहिलं पत्र एका पानाचं. मुलं किती, वय काय, वर्ग कुठे आणि आठवड्यातून किती वेळा, एकूण खर्च किती, त्यातला तुमच्याकडून किती हवा आणि उरलेला कुठून येणार. शिक्षणाचं महत्त्व पटवून देणारा परिच्छेद काढून टाकावा. ते पटलेलं असतं, म्हणून तर त्यांनी फाउंडेशन काढलं.

अंदाजपत्रकात अर्ज खरा तपासला जातो. समजा ४० मुलं, आठवड्याला दोन वर्ग, ३० आठवडे. म्हणजे ६० वर्ग. दहा मुलांमागे एक शिक्षक धरला तर चार शिक्षक. वर्ग दीड तासाचा, आणि तयारी व नोंदींना वर्गामागे आणखी एक तास. एका शिक्षकाचे १५० तास, चौघांचे ६००. मानधन या ६०० तासांचं मागावं. फक्त वर्गाचे ३६० तास धरले की आकडा छान दिसतो, पण तयारी शिक्षकांच्या पदरच्या वेळेत जाते आणि वर्षाच्या मध्यावर माणसं गळायला लागतात. पुस्तकं घरी न्यायला द्यायची असतील तर फाटलेल्या-हरवलेल्या प्रतींच्या बदल्यात नव्या घ्यायला वेगळी ओळ हवी. ती नसली की पुस्तकं कपाटात कुलूपबंद राहतात. भाडं, हिशेबनीस, लेखापरीक्षण यांतला या वर्गांच्या वाट्याचा खर्च त्याच नावाने लिहावा. साहित्याच्या रकान्यात दडवलेला खर्च हिशेब कळणाऱ्या विश्वस्ताच्या नजरेतून सुटत नाही, आणि असा एकजण बहुतेक कुटुंबांत असतोच.

परिणाम कसा मोजणार, या प्रश्नावर बरेच अर्ज गडबडतात. 'आत्मविश्वास वाढेल' हे कोणालाच मोजता येत नाही. भारतात 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणात २००५पासून वापरली जाणारी पद्धत स्वयंसेवकालाही जमते. मूल अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कुठपर्यंत वाचतं एवढंच पाहायचं. एका मुलाला काही मिनिटं पुरतात. पण तीन पथ्यं पाळावी लागतात. पहिली चाचणी वर्ग सुरू होण्याआधी झाली पाहिजे. दुसऱ्या वेळी मजकूर नवा पण तेवढ्याच काठिण्याचा हवा, नाहीतर पाठ झालेलं मोजलं जातं. आणि शिक्षकाने स्वतःच्या मुलांची चाचणी घ्यायची नाही.

याहून मोठा घोळ गळतीचा. सुरुवातीला ४० मुलं तपासली आणि शेवटी २८ उरली, तर दोन्ही वेळच्या सरासरींची तुलना फसवी ठरते. वाचनात मागे असलेली मुलं बऱ्याचदा आधी येईनाशी होतात, त्यामुळे कोणी काही शिकलं नाही तरी सरासरी वर जाते. म्हणून त्याच २८ मुलांची आधीची आणि नंतरची पातळी द्यावी आणि १२ जण का सुटले ते वेगळं लिहावं. हे लिहिल्याने अनुदान जात नाही. न लिहिल्यास पुढचे प्रश्न अवघड जातात.

किशोरवयीन मुलांनी लहानांना वाचून दाखवायचं, अशी जोडणी साक्षरता आणि युवा कार्यक्रम दोन्हींना पैसे देणाऱ्या फाउंडेशनला आवडते. मात्र मग किशोरांचा लाभही मोजावा लागतो. त्यांची हजेरी, प्रशिक्षणाचे तास आणि वर्षअखेर किती टिकले, एवढं पुरे. प्रत्येक खोलीत एक जबाबदार प्रौढ हवाच, आणि बालसुरक्षेचं लेखी धोरण अर्जासोबत जोडावं. फोटोसाठी पालकांची संमती प्रवेशाच्या फॉर्मपेक्षा वेगळ्या कागदावर घ्यावी. नाही म्हणणाऱ्याचं मूल वर्गात येतं, फोटोत येत नाही.

मंजुरीपत्र आलं की रक्कम कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत हे नीट वाचावं. एका रकान्यातले पैसे दुसरीकडे वळवायचे असतील तर खर्चाआधी ईमेलने परवानगी मागावी. कारण पटण्यासारखं असेल तर सहसा मिळते. खर्च झाल्यावर मागितली तर तो खुलासा ठरतो. पुढचा अर्ज घेण्याआधी मागचा अहवाल मागण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून शेवटची चाचणी शेवटच्या आठवड्यात ठेवू नये. तेव्हा हजेरी रोडावलेली असते. दोन आठवडे आधी घेतली तर राहिलेल्या मुलांना पुन्हा गाठता येतं.