आई, मेलीस का?

गुरुवार, रात्री पावणेबारा

मुलं दोघंही झोपलीत. मला झोप नाही. इराचा आवाज कानातून जात नाहीये.

प्रश्न तसा नवीन नाही, दोन महिने झाले ती विचारतेय. हातात पाण्याची बाटली नाहीतर हात निखळलेली बाहुली घेऊन दारात उभी राहते आणि विचारते, "आई, मेलीस का?" सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आल्या. "अगं, आईला असं बोलतात का?" इराला त्यात काय चुकलं ते कळलंच नाही. आई मेली की मोकळी होते, एवढंच तिला ठाऊक. मी कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट खेळते, पाच विरुद्ध पाच जणांचा गोळीबाराचा ऑनलाइन खेळ. त्यात गोळी लागून पडलं की तो राउंड संपेपर्यंत बाकीच्यांचा खेळ बघत बसायचं, दुसरं काही काम नसतं. माझा हात माउसवरून निघतो, मी मागे रेलते, खुर्ची करकरते. ती करकर ऐकून इरा येते. स्क्रीनकडे बघतसुद्धा नाही.

आजही मी पडले, खुर्ची वाजली, ती आली. निळी बाटली, तिचं झाकण तिला फिरत नाही. "मेलीस का?" मी हो म्हटलं, हेडफोन मानेवर घेतले, बाटलीकडे हात केला. तेवढ्यात माझ्या संघातल्या मीनलने मला खेळात परत उठवलं. मीनल सेज नावाचं पात्र घेऊन खेळते, आणि मेलेल्या गड्याला परत उभं करण्याची ताकद सेजकडे असते. माझा हात माउसवर गेला. इराने स्क्रीनकडे एकदा बघितलं, म्हणाली, "परत जिवंत झालीस," आणि बाटली तशीच घेऊन आल्या पावली परत गेली.

रडली नाही, हट्ट केला नाही. रडली असती तर मी उठले असते.

मघापासून हिशेब करतेय. राउंड जास्तीत जास्त १०० सेकंदांचा. अगदी शेवटी स्पाइक, म्हणजे खेळातला बॉम्ब, लागला तर तो फुटायला आणखी ४५. म्हणजे राउंडआधीची बंदुकांच्या खरेदीची ३० सेकंदं धरली नाहीत तरी तिला १४५ सेकंदं थांबावं लागू शकतं. अडीच मिनिटांना पाच सेकंदं कमी. मला ही सेकंदं कळत नाहीत. घसा कोरडा पडलेल्या चार वर्षांच्या मुलीला कळत असणार.

पोळ्या करतानाही ती थांबतेच की, असं मनाला सांगून बघितलं. "थांब गं, हात पिठाचे आहेत," हे मी दिवसातून पाचदा म्हणते. पण ते म्हणताना मान तिच्याकडे वळते. हात अडकलेले असतात, मी अडकलेली नसते. खेळताना तोंडाने "हं, हं" म्हणते आणि डोळे कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर असतात. थांबणं तेवढंच, पण चेहरा वळत नाही. आज ती गेली ती चेहरा वळला नाही म्हणून.

राग समीरचाही येतोय. रविवारी सकाळी सहाला बॅट घेऊन बाहेर पडतो तो साडेनऊला येतो. त्याला कोणी विचारत नाही की मुलं लहान आहेत आणि तू खेळतोस कसा. मला सगळे विचारतात, न बोलता विचारतात. दिवसभराची दोघांची आवराआवर, छोट्याचं पाजणं, दुपारचं ऑफिसचं काम, या सगळ्यातून माझ्या वाट्याला येतात चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत रोह्या, मीनल आणि बाकीचे मला कोणाची आई म्हणून ओळखत नाहीत. मी चांगली खेळते, हे त्यांना माहीत आहे. घरात ते कोणालाच माहीत नाही. असो.

आता हे लिहिताना मात्र दिसतंय की समीर मैदानावर असतो तेव्हा इरा त्याची वाट बघत दारात उभी राहत नाही. बाबा बाहेर गेलेत, हे तिला स्पष्ट असतं. मी घरात असते आणि नसते. तिला कळत नाही की मी आहे की नाही, म्हणून तर ती विचारते.

खेळाची अडचण त्याच्या रचनेतच आहे, आणि घरातल्यांना ती पटवणं जड जातं. "पॉज कर ना," असं समीरसुद्धा म्हणतो. सामना माझ्या कॉम्प्युटरवर चालतच नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, आणि दहा जण एकाच वेळी त्यात असतात. एकासाठी थांबायची सोय नेहमीच्या मॅचमध्ये नाही. उठून गेलं तर चार जण पाचांशी खेळतात. सारखं उठलं तर शिक्षा म्हणून पुढची मॅच लावायला थांबावं लागतं, आणि दर वेळी ते थांबणं वाढत जातं. साधी मॅच आधी तेरा राउंड जिंकेल त्याची. एकतर्फी झाली तर लवकर आटपते, नाहीतर बारा-बारा बरोबरी आणि वर एक. तीस ते चाळीस मिनिटं धरायची. मी इतके दिवस वीसच धरत होते. सगळं तिथेच चुकतं. "वीस मिनिटांत येते" म्हणायचं आणि पस्तीस मिनिटांनी यायचं. मोठी माणसं हे सोडून देतात, मुलं मनात ठेवतात.

लहान प्रकार आहेत. स्विफ्टप्ले आधी पाच राउंड जिंकेल त्याचा, पंधराएक मिनिटांत होतो. स्पाइक रश आधी चार राउंड जिंकेल त्याचा, सगळ्यांना सारखीच बंदूक, आठ ते बारा मिनिटं. डेथमॅच दहाएक मिनिटं किंवा चाळीस बळी, आणि तिथे जो तो आपल्यापुरता खेळतो, मध्येच निघालं तरी कोणाचा संघ मोडत नाही. मुलं जागी असताना मोठी मॅच लावायचीच नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तरी लावते, कारण ते चौघं ऑनलाइन दिसतात. समीर मोबाइलवर बीजीएमआय खेळतो, तोही गोळीबाराचाच ऑनलाइन खेळ, तिथेही गोष्ट वेगळी नाही. एरँगलचा नकाशा शंभर जणांचा, अर्धा तास जातो. लिव्हिक बावन्न जणांचा, पंधरा मिनिटांत सुटका. आणि "फोनवरच तर आहे" म्हणून तो छोट्याला मांडीवर घेऊन बसतो. मला ते जास्त भीतीदायक वाटतं, दोन्ही हात फोनला आणि मांडीवर आठ महिन्यांचं मूल.

भीतीवरून आठवलं, ते टेबलामागच्या दिव्यांच्या पट्टीचं रिमोट मी परवा फेकून दिलं. पत्त्याएवढं पातळ, खालून एक ट्रे सरकतो, त्यात नाण्यासारखा सेल, सीआर २०२५. ट्रेला स्क्रू नसतो, नखाने निघतो. छोटा आता रांगतो आणि मिळेल ते तोंडात घालतो. असा सेल घशाच्या खाली अन्ननलिकेत अडकला की ओल्या जागी त्यातून वीज वाहते आणि दोन तासांत आतून भाजतं, खोलवर. बाहेरून नुसती लाळ आणि खोकला दिसतो, सर्दी वाटावी असा. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायची नाही, लक्षणांची वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटलात नेऊन एक्स-रे. दिव्यांची पट्टी भिंतीवरच्या बटणावर चालते. ते रिमोट घरात इतके महिने का ठेवलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

हेडफोनचंही तेच. कान पूर्ण झाकणारे आहेत, बाहेरचं काही ऐकू येत नाही, म्हणून तर घेतले होते. इरा दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा मारत नाही. गेल्या आठवड्यात सासूबाईंना आतल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं की नेहमीच्या आवाजात, न ओरडता माझं नाव घ्या. ऐकू येईपर्यंत गेमचा आवाज कमी करत गेले. शंभरवरून पस्तीसवर आला तेव्हा कुठे ऐकू आलं. आता डावा कान उघडा ठेवते. पाऊल कोणत्या बाजूने येतंय ते एका कानाने कळत नाही, आणि मागून येणाऱ्याकडून मी हमखास मरते. मरू दे.

सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे, ती आज बाटलीमुळे दिसली. मी खेळायला बसले तेव्हा समीर आंघोळीला गेला होता आणि सासूबाई देवासमोर होत्या. घरात तीन मोठी माणसं, आणि इराकडे कोणाचंच लक्ष नाही. प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणीतरी बघतंय. घरात असणं म्हणजे लक्ष असणं नव्हे. "आता मुलांकडे तू बघ" हे तोंडाने म्हणायला हवं आणि समोरून "हो" ऐकू यायला हवं. "हो" आलं नाही तर मॅच लावायची नाही. एवढी साधी गोष्ट सांगायला कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाला लाज का वाटते कोण जाणे. मला तरी वाटते. खेळायला जाते आहे हे मोठ्याने म्हणावं लागतं ना.

इराला मांडीवर घेऊन खेळावं असंही मध्ये डोक्यात आलं होतं, म्हणजे दोन्ही साधेल. नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं सांगणं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन दिवसाला एक तासाहून जास्त नको, कमी तितकं चांगलं, आणि एक वर्षाच्या आतल्यांना अजिबात नको. माझ्या स्क्रीनकडे तिने बघणं हासुद्धा त्यातलाच वेळ. सेटिंगमध्ये रक्त दाखवणं बंद करता येतं, मी केलंय, पण मुद्दा रक्ताचा नाही. मांडीवर बसूनही तिला माझा चेहरा दिसणार नाही.

उरते रात्र. तिथलंही माझं गणित चुकत होतं. साडेनऊला मुलं झोपली की पावणेदहाला मी लॉग-इन. पहिल्या अर्ध्या तासात छोटा हमखास उठतो, आणि वन बीएचकेमध्ये किबोर्डचा आवाज भिंतीपलीकडे जातो. निळ्या स्विचचा किबोर्ड, प्रत्येक कळ टिक वाजते. स्विच ओढून काढता येतील असा बोर्ड असेल तर चिमट्याने काढून लाल बसवायचे. लालला मधला खटका नसतो, तळाला आपटल्याचा तेवढा आवाज उरतो. माझ्या बोर्डचे स्विच डाखलेले आहेत, ते नुसते निघत नाहीत. म्हणून खाली जाड फोमची चटई टाकली, टेबल भिंतीपासून चार बोटं ओढलं. बराच फरक पडला. आणि बसायचं सव्वादहाला, त्याआधी नाही. एक मॅच. साडेअकराच्या पुढे गेलं की पहाटे छोट्याच्या रडण्यावर मी चिडते, आणि तो राग इराच्या शाळेच्या डब्यापर्यंत पुरतो.

रोह्याला मेसेज टाकलाय की आठची मॅच मला जमणार नाही, दहा वीसला असाल तर या. उत्तर नाही. एकेक जण असाच गळत जातो, मागच्या वर्षी... जाऊ दे.

मघाशी जाऊन बघून आले. बाटली इराच्या उशाशी होती. झाकण घट्टच. पाणी तिला कोणी दिलं की तशीच झोपली, ते मी विचारलं नाही. उघडून ठेवून आले.


शनिवार, दुपार

काल सकाळी इराला सांगितलं. मी मेले का, हे विचारायचं नाही. काही हवं असेल तर येऊन खांद्याला हात लावायचा, मी जिवंत असले तरी. तिने विचारलं, "मग तू हरशील?" मी म्हटलं, हरेन. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

रोह्याचं उत्तर आलं, फक्त "दहा वीस ओके". मीनलने खाली लिहिलं की तिच्याकडेही दहानंतरच बरं पडतं. तिच्या मुलाचं वय मला माहीतच नव्हतं. दोन वर्षं तिच्याबरोबर खेळतेय.

काल संध्याकाळी समीरने "हो" म्हटल्यावर एक स्विफ्टप्ले लावली. तिसऱ्या राउंडला स्पाइक आमच्या बाजूला लागलेला, मी एकटी उरलेले, निकामी करायला सात सेकंदं लागतात आणि मी नुकती बसले होते. खांद्यावर हात आला. ओला होता. मी माउस सोडला आणि मागे वळले. इरा माझ्याकडे बघत होती, मी खरंच वळले का ते बघत होती. मागे स्क्रीनवर स्फोट झाला, रोह्या काहीतरी म्हणाला. बेसिनचा नळ गळतोय, हे सांगायला ती आली होती.

आज सकाळी सेक्टरच्या बाजारातून तिला नवीन बाटली आणली, बटण दाबलं की झाकण उघडतं अशी. दुकानातच पाच-सहा वेळा उघडून बघितली तिने. दुपारी मी ऑफिसचं काम करत बसले होते, खेळत नव्हते. ती आली, खांद्याला हात लावला आणि बाटली पुढे केली. झाकण बंद होतं.

मी बटण दाबून दिलं.