गडावरच्या घाणीचे काय करत, असे तुम्ही विचारलेत म्हणून

रायगडावर राणीवशातले शौचकूप दाखवून झाले की तुमच्यापैकी कोणीतरी विचारतेच : महालांचे ठीक आहे, पण गडावरची बाकीची माणसे शौचाला कुठे जात होती, केर कुठे टाकत होती आणि पीत काय होती? वीस वर्षे मी याचे उत्तर एकाच सुरात देत आलो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठा राज्यकारभाराचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात, स्पष्ट लिहिले आहे की गड बांधण्याआधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत, वाटांवर आणि बाजारात केर पडू देऊ नये, तो गडाखाली न टाकता जागोजागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा. मध्ययुग म्हणजे नुसती घाण, असे मानणाऱ्यांना मी हे ऐकवत असे, आणि त्या आज्ञेचा अभिमान मला आजही आहे.

एका डिसेंबरात मात्र शाळेच्या सहलीबरोबर असताना, एका गडावरच्या टाक्याच्या काठावर उभा राहून मी मुलांना सांगितले की हे पाणी तेव्हाइतकेच निर्मळ आहे. सातवीतला एक मुलगा पायऱ्या उतरला, त्याने हाताने शेवाळ बाजूला सारले, बाटली भरली आणि तोंडाला लावण्याआधी वर माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. दोन दिवसांनी तो रुग्णालयात होता, हाताला सलाईन लावलेले होते, आणि उशाशी बसलेली त्याची आई एवढेच म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलेत म्हणून तो प्यायला." तो बरा झाला, त्याचे ते वर पाहणे माझ्या डोळ्यांपुढून गेलेले नाही.

दोष टाक्याचा नव्हता, पाणी जतन करणारी माणसेच उरली नव्हती, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले, आणि ते खोटेही नाही. पण तेव्हाच्या मला विचारावेसे वाटते की आज्ञा होती म्हणजे स्वच्छता होती, हे तू कशावरून ठरवलेस? वाटेवर केर पडतच नसेल, तर तो पडू देऊ नये असे कोणी कशाला लिहील? त्यावर तेव्हाचा मी म्हणतो की राखेवर भाजी पिकवण्यापर्यंतचा बारीक विचार नुसता कागद भरण्यासाठी कोणी करत नाही, आणि हेही मला खोडता येत नाही. राणीवशातले ते शौचकूप रोज कोण साफ करत होते, हे मात्र तुम्ही कधी विचारले नाहीत आणि मीही कधी त्याचा विषय काढला नाही.

हल्ली टाक्यापाशी पोहोचलो की मी आधी मुलांना बाटल्या पाठपिशवीत ठेवायला सांगतो आणि मगच आज्ञापत्राविषयी बोलतो.