पाव मैलाचा धुमाकूळ: बोमन ग्रेवरचा शनिवार

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात शार्लटहून विन्स्टन-सेलम गाडीने साधारण दीड तास. निघताना बायको म्हणाली, "गोल गोल फिरणाऱ्या गाड्या बघायला एवढं लांब?" परतताना ओरडून ओरडून तिचाच घसा बसला होता.

विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम हे मुळात अमेरिकन फुटबॉलचं मैदान. त्याच्या कडेने पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक. 1949 पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री इथे मोटारशर्यती होतात. कोविडमुळे 2020 चा हंगाम तेवढा बुडाला. नामांकित शर्यतपटू रिचर्ड पेटीचा शंभरावा विजय इथलाच, 1969 चा.

ट्रॅक एवढा अरुंद की पुढच्याला सरळ मागे टाकायला जागाच नाही. मग मागचा त्याच्या बंपरला हलकेच ढोसतो, तो वळणावर बाहेर सरकतो आणि हा आतून निसटतो. हलकेच म्हणजे किती, यावरूनच सगळी भांडणं. आमच्यासमोर एक छोटी गाडी अशीच आडवी फिरली. ड्रायव्हर उतरला आणि ढोसणारा पुढच्या फेरीला समोर आल्यावर हेल्मेटसकट त्याच्यावर बोट नाचवू लागला. अर्ध्या लोकांच्या टाळ्या, अर्ध्यांची हुर्यो. मला थेट गावच्या बैलगाडा घाटाची आठवण झाली. खरं आकर्षण मात्र मॉडिफाइड गाड्यांचं: पुढची चाकं उघडी, टायर रुंद, आणि आवाज छातीत घुमतो. चालवणारे बहुतेक आठवडाभर दुसरी नोकरी-धंदा करणारे.

2024 मध्ये नॅसकारने, म्हणजे अमेरिकेत मोटारशर्यती भरवणाऱ्या मोठ्या संस्थेने, इथला कारभार भाडेपट्ट्यावर घेतला आणि 2025 च्या फेब्रुवारीत क्लॅश ही मोठ्या ड्रायव्हरांची शर्यत इथे भरवली. असं नशीब सगळ्या छोट्या ट्रॅकचं नाही. मर्टल बीचचा ट्रॅक 2020 मध्ये बंद झाला, कॅलिफोर्नियातला अर्विनडेल 2024 च्या अखेरीस. शहर वाढत ट्रॅकपर्यंत आलं की जमिनीच्या भावापुढे तिकिटांचा गल्ला काय टिकणार? बोमन ग्रेची जागा महापालिकेची, म्हणून निदान बिल्डरचा डोळा नाही.

जाणार असाल तर आकाश बघून निघा. ओल्या डांबरावर या गाड्या पळत नाहीत. मागच्या खेपेला आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो. पोरांना कानात बोळे हवेतच, नुसत्या हातांनी भागत नाही. बसायला उशी न्या, काँक्रीट टोचतं. आत काय नेता येतं ते आधी तपासा. शाकाहारी मंडळींच्या वाट्याला फ्राइज आणि पॉपकॉर्नच. आम्ही पार्किंगमध्येच थालीपीठं उरकली. शेवटची शर्यत संपल्यावर लगेच गाडीकडे धावू नका, तासभर तिथेच अडकाल.

आणि वरच्या रांगेत बसा. आम्ही हौसेने खाली बसलो, तर टायरच्या रबराचा काळा चुरा पॉपकॉर्नवर पडायला लागला. चिरंजीवांनी तो वेचून थालीपिठाच्या रिकाम्या डब्यात भरला. सोमवारी शाळेत दाखवायला.