भोंगा वाजतो तेव्हा

जेरुसलेममध्ये हे माझं तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी योम हझिकारोनला, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाला, सकाळी 11 वाजता भोंगा वाजला, आमची बस रस्त्यातच थांबली, ड्रायव्हर खाली उतरला, आम्ही सगळे उभे, दोन मिनिटं अख्खं शहर गप्प. आणि समोरून काळा कोट, काळी हॅट घातलेला एक माणूस सरळ चालत निघून गेला. मला खूप राग आला होता तेव्हा.

आपल्याकडे वाटतं की इस्रायल, ज्यूंचा देश म्हटल्यावर जितका माणूस धार्मिक तितका तो देशाभिमानी असणार. तसं नाहीये. तो माणूस हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू होता, आणि त्यांच्या मेआ शआरिम या जेरुसलेममधल्या वस्तीत भिंतींवर या राज्याच्या विरोधातली पोस्टर्स चिकटवलेली असतात! ती लावणाऱ्यांचं म्हणणं, मसीहा (देव पाठवणार तो तारणहार) येण्याआधी जबरदस्तीने राज्य उभं करायचं नाही ही तालमूद या धर्मग्रंथातली शपथ आहे, ती मोडली. त्यांच्यातला नेतुरेई कार्ता हा कट्टर गट तर मतदानही करत नाही. बाकीचे बहुतेक हरेदी मात्र मत देतात, त्यांचे पक्ष सरकारमध्येही असतात, पण त्यातल्या एका पक्षाने कित्येक वर्षं पूर्ण मंत्रिपद न घेता उपमंत्रीपदच घेतलं, कारण मंत्री झालं की सेक्युलर सरकारच्या प्रत्येक निर्णयाची जबाबदारी आपल्यावरही येते.

याउलट आमच्या मजल्यावरच्या बाई, डोक्याला कायम रुमाल, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) अगदी कडक, त्या दर शनिवारी सिनेगॉगमध्ये देशासाठी आणि मंत्र्यांसाठी प्रार्थना म्हणतात. त्यात या राज्याला 'आमच्या मुक्तीचा पहिला अंकुर' म्हटलंय. रब्बी, म्हणजे धर्मगुरू, कूक (मृत्यू 1935) यांची शिकवण ही, की देव न मानणारे जे तरुण इथे शेतं नांगरत होते तेही नकळत देवाचंच काम करत होते. मला हा विचार फार मोठा वाटतो.

बाईंची दोन्ही मुलं राखीव सैन्यात आहेत. 1948 मध्ये पहिले पंतप्रधान बेन गुरियन यांनी येशिवाच्या, म्हणजे हरेदींच्या धर्मशाळांच्या, साधारण 400 विद्यार्थ्यांना सैन्यातून सूट दिली होती, आता तो आकडा साठ हजारांच्या वर गेलाय, जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यांनाही भरती करा, तरी भांडण संपलेलं नाही. तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, शिकणं हेच देशाचं रक्षण, असं हरेदी मनापासून मानतात हे मला आता कळतं, पण मुलगा फोन उचलेपर्यंत बाईंचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय, त्यामुळे मी बाईंच्याच बाजूची.

लोद शहरात एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, मावशी आहेत, अलिबागकडच्या, मराठी अजून तशीच खणखणीत. 1960 च्या दशकात इथल्या धर्मपीठाने त्यांच्या समाजाच्या ज्यूपणावर शंका घेतली, दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं तर आधी आजी-पणजीची चौकशी. पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणायचे, त्यांची! मावशींचं लग्न त्यात अडकलं. लोक जेरुसलेमला येऊन निदर्शनं करत राहिले आणि शेवटी ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे संसदेने, ठराव केला की हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत. मग धर्मपीठ नमलं.

या वर्षी भोंग्याच्या वेळी मी त्यांच्याकडेच होते. कालवणाखालचा गॅस बंद करून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, गुडघे दुखतात तरी, आणि भोंगा थांबल्यावरही थोडा वेळ बसल्या नाहीत.