विक्लोचा मिलिटरी रोड : रॅथफार्नहॅम ते अखाव्हॅना

आयर्लंडमधलं ब्रिटिश सत्तेविरुद्धचं १७९८ चं बंड मोडलं, तरी बंडखोरांचा म्होरक्या मायकल ड्वायर आणि त्याची माणसं डब्लिनच्या दक्षिणेकडच्या विक्लोच्या डोंगरांतून हटेनात. फौजेला आत शिरायला धड रस्ताच नव्हता. म्हणून १८०० मध्ये अलेक्झांडर टेलर या इंजिनिअरच्या देखरेखीखाली डब्लिनजवळच्या रॅथफार्नहॅमहून रस्त्याचं काम सुरू झालं आणि १८०९ मध्ये अखाव्हॅनाला संपलं. गंमत म्हणजे ड्वायर डिसेंबर १८०३ मध्येच शरण आला होता. ज्याच्यासाठी रस्ता, तोच गेला. रस्त्याचं काम मात्र पुढे सहा वर्षं चालू राहिलं.

लांबी साधारण ६० किमी. त्यातला लारा गावापर्यंतचा उत्तरेकडचा भाग म्हणजे आजचा आर ११५ क्रमांकाचा रस्ता. गाडीने थांबत थांबत गेलात तर पूर्ण दिवस राखून ठेवा. या मार्गाने बस जात नाही. पेट्रोल रॅथफार्नहॅमलाच भरून घ्या, लारापर्यंत वाटेत पंप नाही.

किलाकीचा चढ संपला की फेदरबेडचं पठार लागतं. इथे पायाखाली सगळं पीट, म्हणजे ओली दलदलीची माती. दोन्ही बाजूंचे चर नीट बघा, रस्त्याचं सगळं गणित त्यांत आहे. पाणी निघून गेलं तरच भराव टिकतो. चर बुजला की पीट भिजून फुगतं, सुकलं की आकसतं आणि डांबर लाटांसारखं वरखाली होतं. अशा जागी वेग कमी ठेवा, गाडीचं पोट घासतं. फोटोसाठी कडेच्या हिरवळीवर चाक उतरवू नका. वरून घट्ट दिसते, पण चाक रुततं.

या रस्त्यावर फौजेसाठी बराकी होत्या, त्यांतली ग्लेनक्रीची बराक १८५९ पासून मुलांची सुधारशाळा झाली. आता तिथे सलोख्यासाठी काम करणारं केंद्र आहे. शेजारच्या जर्मन दफनभूमीत १३४ कबरी आहेत, तिथे थोडा वेळ द्याच. पुढे सॅली गॅपचा चौक. वारा इथे फार, उन्हाळ्यातही जाड जॅकेट हवं. हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. धुक्यात मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात.

ग्लेनमॅकनासचा धबधबा वरच्या पार्किंगपासून जवळच आहे. मात्र त्याच्या माथ्यावरचे कातळ ओले असतात, कडेला जाऊ नका. या पार्किंगमध्ये काचा फोडून चोऱ्या होतात, तेव्हा सीटवर काहीही ठेवू नका.

लाराला जेवून घ्या. बहुतेक लोक इथून जुन्या मठासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्लेनडालॉखला वळतात आणि दक्षिणेकडचा, माझ्या मते जास्त चांगला तुकडा सोडून देतात. खिंड चढून ग्लेनमॅल्युरमध्ये उतरलं की ड्रमगॉफच्या चौकाजवळ बराकीच्या बिनछपराच्या भिंती दिसतात. त्या रस्त्यावरूनच पाहा, दगड सुटे आहेत. तिथून स्लीव्ह मानच्या खांद्यावरून अखाव्हॅना. तिथली बराक पुढे आयरिश राष्ट्रवादी नेता पार्नेल याचं शिकारघर आणि मग त्याच पक्षाचा पुढचा नेता जॉन रेडमंड याचं घर झाली. आता ती खाजगी आहे, आत जाता येत नाही.

नकाशे तीन लागतात : आयर्लंडच्या सरकारी डिस्कव्हरी नकाशामालिकेतले क्रमांक ५०, ५६ आणि ६२. फोनच्या भरवशावर राहू नका, दऱ्यांत रेंज जाते. सायकलवाल्यांनी परतीसाठी रॅथड्रम स्टेशन गाठावं. रेल्वेगाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा.